यतीम मुलांच्या शिक्षणाला मदत: कुपवाड्यापासून खान्देशापर्यंत

जूनमध्ये शाळा उघडली की जनरल रजिस्टरमध्ये नवीन नावं चढवताना पालकाच्या रकान्यापाशी पेन थांबतो. समोर मुलाची आई असते, नाहीतर मामू किंवा आजोबा. हळू आवाजात सांगतात, "सर, इसके अब्बा नहीं हैं." जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, कुठल्याही उर्दू शाळेत शिकवणाऱ्याने हे वाक्य ऐकलेलं आहे. त्यातली काही मुलं दहावीपर्यंत आमच्यासोबत राहतात. काही आठवीनंतर गॅरेजवर, बेकरीत, धुळ्याच्या पॉवरलूमवर किंवा रावेर-यावलकडे केळीच्या कामावर दिसतात. मुलींचं तर अजून लवकर थांबतं. गावातली शाळा आठवीपर्यंतच असली की पुढच्या गावाला पाठवणार कोण, हा प्रश्न वडील नसलेल्या घरात दुप्पट मोठा होतो.

अशा मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या समाजात लहान लहान गट काम करतात. चार-पाच शिक्षक, एखादा मेडिकलवाला, मशिदीचे दोन जबाबदार लोक, रमजानमध्ये गोळा केलेली रक्कम आणि वह्या-दप्तरांची यादी. ना ऑफिस, ना पगार. काही लोक लांबच्या, अगदी परदेशातल्या यतीम मुलांसाठीही पैसे पाठवतात. तुर्कस्तानचा भूकंप, सीरिया, गाझा, प्रत्येक वेळी आपल्या भागातूनही हात पुढे आले. हे काम कसं चालतं, कायदा काय सांगतो आणि कुठे अडकायला होतं, ते एका ठिकाणी असावं म्हणून हा लेख.

यतीम कोण, अनाथ कोण

इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शरीयतमध्ये ज्या मुलाचे वालिद तो बालिग होण्याआधी वारले, तो यतीम. आई हयात असली तरी तो यतीमच. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचे वालिद त्यांच्या जन्माआधीच वारले होते. सहाव्या वर्षी आई हजरत आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले, आणि मग चाचा अबू तालिब यांनी सांभाळलं. सूरह दुहामध्ये याच यतीमपणाची आठवण करून दिली आहे आणि यतीमावर सख्ती करायला मनाई केली आहे. सूरह माऊनमध्ये यतीमाला धक्के देणाऱ्याला दीन खोटं मानणारा म्हटलंय. हे आपण सगळे खुतब्यात ऐकतो.

सरकारी कागदावर मात्र "अनाथ" या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अनाथ म्हणजे ज्याला जन्मदाते किंवा दत्तक आईवडील नाहीत आणि कायदेशीर पालकही नाही, किंवा पालक असूनही तो सांभाळायला तयार किंवा सक्षम नाही. म्हणजे आई हयात असलेलं मूल शरीयतप्रमाणे यतीम असलं तरी त्याला सरकारचं अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. आपली माणसं ऑफिसात जातात, "यतीम है" सांगतात, समोरचा "अनाथ" ऐकतो, आई सोबत उभी दिसते आणि अर्ज परत येतो. बाई घरी येऊन सांगते, सरकारचं काहीच मिळत नाही. मिळतं, पण दुसऱ्या नावाने. ते पुढे येईलच.

ज्यांचे आईवडील दोघेही गेले त्यांच्यासाठी अनाथ प्रमाणपत्र ही फार मोलाची गोष्ट आहे. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, असं करणारं हे पहिलं राज्य. सध्याच्या नियमांत दोन वर्ग आहेत: संस्थेत वाढलेले "संस्थात्मक" आणि नातेवाइकांकडे वाढलेले "संस्थाबाह्य". आपल्याकडे आजी, खाला, फूफी यांच्या घरात वाढणारी मुलंच जास्त, त्यामुळे दुसरा वर्ग लक्षात ठेवावा. प्रमाणपत्राची सुरुवात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होते आणि अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत कागद जमवलेले बरे. नंतर मृत्यूचे दाखले शोधत फिरणं फार जड जातं.

कुपवाड्यातली मराठी संस्था

लांबच्या यतीम मुलांसाठी मराठी माणसांनी उभ्या केलेल्या कामाचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन. अधिक कदम हे मूळचे अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातले, पुण्यात शिकत असताना १९९७ च्या सुमारास काश्मीरला गेले. कुपवाडा हा ताबारेषेजवळचा जिल्हा. दहशतवाद आणि गोळीबारात बाप गमावलेली मुलं तिथे घरोघरी होती, आणि त्यातही मुलींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मुलांसाठी यतीमखाने होते, मुलींसाठी जवळजवळ काहीच नव्हतं. २००२ मध्ये कदम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपवाड्यात मुलींसाठी पहिलं घर सुरू केलं. नाव ठेवलं "बसेरा-ए-तबस्सुम", म्हणजे हसण्याचं घर. पुढे अनंतनाग आणि बडगाम जिल्ह्यातही अशी घरं झाली, जम्मूतही एक झालं.

विचार करा. मराठी, हिंदू तरुण, आणि काश्मीरच्या सरहद्दीवरच्या गावात मुस्लिम यतीम मुली सांभाळणार. संशय येणारच. मुलींना कुठे नेणार, त्यांचा धर्म बदलणार का, हे प्रश्न गावाने विचारले. अतिरेक्यांनी आपल्याला अनेकदा उचलून नेलं आणि चौकशी करून सोडलं, हे कदम यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. काम टिकलं ते त्यांनी केलेल्या काही साध्या गोष्टींमुळे. मुली त्यांच्याच इलाख्यात राहतात. सांभाळणाऱ्या बायका तिथल्याच. मुली गावातल्या शाळेत जातात, आपली नमाज, आपले रोजे, आपली भाषा, सगळं त्यांचंच राहतं. मोठं वसतिगृह बांधून दोनशे मुली एका हॉलमध्ये ठेवण्याऐवजी घरासारखं घर ठेवलं. पुढे काही मुली उच्च शिक्षणासाठी पुण्यापर्यंत आल्या.

पुण्याचीच दुसरी संस्था म्हणजे संजय नहार यांची "सरहद". त्यांनी उलटी वाट धरली. काश्मीरच्या हिंसाचारग्रस्त घरांतली मुलं पुण्यात आणून शिकवली. धनकवडी-कात्रज भागात त्यांची शाळा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेलं ९८ वं मराठी साहित्य संमेलन याच संस्थेने भरवलं होतं, तेव्हा हे नाव बऱ्याच लोकांच्या कानावर गेलं असेल.

दोन्ही पद्धतींबद्दल माझं मत विचाराल तर लहान मुलांसाठी पहिली बरी, दहावीनंतरच्यांसाठी दुसरी चालते. सात-आठ वर्षांचं लेकरू आई, आजी, खालेपासून तोडून आठशे मैलांवर नेलं तर त्याला शिकवण्याआधी रडणं थांबवावं लागतं. खर्चाचंही तसंच. एका मुलाच्या वसतिगृहाच्या पैशात त्याच गावातली दोन-तीन मुलं आईजवळ राहून शिकू शकतात.

आपल्या खान्देशात मोठ्या संस्थेचं उदाहरणही आहेच. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा इथे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केला. मोजक्या विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या या संस्थेत पुढे मदरशाबरोबर शाळा, आयटीआय, बीएड, फार्मसी, इंजिनीअरिंग अशा शाखा आल्या आणि जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ मेडिकल कॉलेजही झालं. मौलाना ४ मे २०२५ रोजी वारले. पण हा लेख मोठ्या इदाऱ्यांबद्दल नाही. गावातल्या पाच माणसांच्या कमिटीने अक्कलकुव्याची नक्कल करायला जाऊ नये.

भुसावळ स्टेशनवर काय झालं

लांबच्या मुलांना शिकवायचं म्हटलं तर ही घटना माहीत असायलाच हवी, कारण ती आपल्या दारातच घडली. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं रेल्वे सुरक्षा दलाने भुसावळ आणि मनमाड स्टेशनवर उतरवून घेतली. बहुतेक अररिया जिल्ह्यातली, महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला निघालेली. मानवी तस्करीचा संशय घेतला गेला, सोबतच्या पाच जणांवर गुन्हे दाखल झाले. मुलं जवळजवळ बारा दिवस जळगाव आणि नाशिकच्या बालगृहांत राहिली. सोबतचे लोक सुमारे चार आठवडे कोठडीत होते. तपासात तस्करीचं काहीच निघालं नाही आणि मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं.

वर्तमानपत्रात पहिल्या दिवशी मोठे मथळे होते. प्रकरण बंद झाल्याची बातमी किती जणांनी वाचली?

राग येतो, आणि येणं बरोबरच आहे. पण राग बाजूला ठेवून पाहिलं तर दुसरी बाजूही दिसते. त्याच रेल्वेमार्गांवरून मुलं खरोखर कामाला नेली जातात, बांगड्यांच्या, चामड्याच्या, भरतकामाच्या कारखान्यांत. तपासणारा शिपाई दोघांत फरक करणार कशावरून? कागदावरूनच. म्हणून कुठलीही संस्था, मदरसा किंवा कमिटी अठरा वर्षांखालच्या मुलांना जिल्ह्याबाहेर नेत असेल तर प्रत्येक मुलामागे आईचं किंवा पालकाचं सहीचं संमतीपत्र, त्यावर चालू फोन नंबर, मुलाच्या आधारची झेरॉक्स आणि ज्या ठिकाणी प्रवेश घ्यायचा तिथलं प्रवेशाचं पत्र असलं पाहिजे. सोबत जाणाऱ्या उस्तादांचं ओळखपत्र आणि सगळ्या मुलांची एक यादी वेगळी. शक्य असेल तर सरपंच किंवा नगरसेवकाचं पत्र. निघण्याआधी गावच्या पोलीस ठाण्यात यादीची एक प्रत देऊन पोच घेतली तर फारच उत्तम. आईला फोन लागला आणि तिने "हो, मीच पाठवलंय" म्हटलं तर अर्धं काम तिथेच होतं.

आणि राहण्याची सोय करत असाल तर आणखी एक गोष्ट. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल तर कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मशिदीच्या वरच्या मजल्यावर दहा यतीम मुलं "ठेवून घेऊ" असं कुणी बोललं की आधी हे कलम दाखवा. नीयत साफ असणं पुरेसं नाही.

आधी सरकारी हक्क, मग चंदा

वर म्हटलं तसं, आई हयात असलेल्या यतीम मुलासाठीची योजना म्हणजे बाल संगोपन योजना. सध्याचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईवडील दोन्ही नसलेली, एकच पालक असलेली, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईजवळ राहणारी, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं यात बसतात. आधी महिन्याला १,१०० रुपये होते, २०२३ पासून २,२५० झाले. वय अठरापर्यंत. मूल घरीच राहतं.

साधा हिशेब करा. एका मुलाचे वर्षाला २७,००० रुपये. गावात अशी दहा मुलं असतील तर २ लाख ७० हजार. तुमच्या मोहल्ल्याची कमिटी रमजानमध्ये यतीम मुलांसाठी एवढं गोळा करते का? म्हणून माझं म्हणणं असं, की छोट्या संस्थेने वह्या वाटण्याआधी हे फॉर्म भरून द्यावेत. हे काम करायला पैसा लागत नाही. वाचता-लिहिता येणारा एक माणूस आणि एक मोटारसायकल लागते.

कागद साधारण असे: वडिलांचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि आईचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक, आणि घरासमोर आई-मुलाचा फोटो. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो. मंजुरी बाल कल्याण समिती देते, तिच्यासमोर मुलाला आणि आईला हजर राहावं लागतं. बायका इथे घाबरतात, "कमिटी म्हणजे कोर्ट का?" म्हणतात. सोबत कुणी तरी जाणं हीच खरी मदत. पैसे दरमहा वेळेवर येतील असं समजू नका, कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. त्या मधल्या महिन्यांत रिक्षाचे, ट्यूशनचे पैसे कमिटीने भरायचे. चंद्याचा खरा उपयोग हा आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावांवर. आधारवर "शेख", शाळेत "शे.", मृत्यूच्या दाखल्यावर आडनावच नाही. "मोहम्मद", "मुहम्मद" आणि "मो." ही तीन माणसं समजली जातात. आम्हा शिक्षकांचाही यात दोष आहे. पहिलीत नाव घालताना घाईत जे लिहिलं ते मुलाच्या मागे आयुष्यभर लागतं.

याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची मदत महिना ४,००० रुपये आहे, त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. दोन्हींपैकी कोणती बसते ते कक्षातच विचारावं. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या ज्या मुलांची पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेनमध्ये नोंद झाली, त्यांना २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळायचे आहेत. महाराष्ट्र सरकारनेही अशा मुलांच्या नावे ५ लाखांची ठेव ठेवली. ती मुलं आता मोठी होतायत, त्यांचे कागद कुणाच्या कपाटात आहेत ते एकदा बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची फी माफ झाली. ती ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आहे, आणि संस्थात्मक-संस्थाबाह्य अनाथ मुला-मुली दोघांनाही. आपल्यातल्या तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशा ओबीसी बिरादरींच्या मुलींनी जातीचा दाखला दहावीतच काढून ठेवावा.

एक दार मात्र बंद झालंय. पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून थांबली, तेव्हा ती नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. रक्कम लहान होती, पण यतीम मुलाच्या घरात वह्या-युनिफॉर्म त्यातूनच निघायचा.

जमीन, घर आणि महजूब नातू

हा विषय कमिट्या टाळतात. पण मुलाची शाळा बऱ्याचदा इथेच सुटते.

वडील गेल्यावर मुस्लिम कायद्यात आईला लहान मुलांचा सांभाळ मिळतो, पण त्यांच्या मालमत्तेची ती आपोआप पालक होत नाही. तो हक्क आधी वडिलांनी नेमलेल्या वसीचा, मग दादाचा. दोघंही नसतील तर जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट १८९० खाली. आईने किंवा चाचाने परस्पर विकलेली अज्ञान मुलाची जमीन टिकत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ सालीच इमामबंदी प्रकरणात सांगितलं आहे. वडील वारले की तलाठ्याकडे वारस नोंद लवकर करा. सातबाऱ्यावर मुलाचं नाव "अपाक" शेऱ्यासह लागतं, आणि मूल अठराचं झालं की तो शेरा काढून घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट जास्त कडू. दादा हयात असताना वडील वारले आणि दादाला दुसरे मुलगे असतील, तर दादाच्या वारशात त्या यतीम नातवाला हिस्सा नाही, तो महजूब ठरतो. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने हा नियम बदलला, भारतात तो तसाच आहे. पण शरीयतने दादाला दोन मोकळे रस्ते दिले आहेत: हयातीत हिबा, किंवा मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत. नातू वारस नसल्यामुळे त्याच्या नावे वसीयत चालते. सोयममध्येच दादाजींना कुणी तरी आदबीने हे सांगायला हवं. दहा वर्षांनी चाचा लोकांच्या दारात उभं राहून काही होत नाही. आमच्या मशिदीत एका बुजुर्गांनी स्टँप पेपरवर अशी वसीयत केली, त्या घरातली मुलगी आज डीएड करते आहे. इतर चार घरांत कुणी बोललंच नाही.

पैसा

जकातीबद्दल आधी. यतीम असणं एवढ्यावर जकात लागू होत नाही. सूरह तौबामध्ये जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत "यतीम" असा वेगळा खाना नाही. तो गरीब असेल तर गरीब म्हणून हकदार. हनफी मसलकात तमलीक, म्हणजे हकदाराच्या मालकीत रक्कम देणं, गरजेचं आहे. म्हणून जकातीतून शाळेची खोली, शिक्षकाचा पगार किंवा कमिटीचा पेट्रोल खर्च काढता येत नाही. मुलाच्या वतीने पालकाच्या हातात द्या, मग ते फी भरतील. खर्चासाठी सदका आणि चंदा वेगळा ठेवा. दोन डबे, दोन वह्या. बारीक मसले आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा, हा लेख फतवा नाही.

आता सरकारी बाजू. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी हेच करतात, आपल्याला का जड जावं? दोन-तीन वर्षं काम टिकलं तर ट्रस्ट नोंदवून घ्या. कुणाच्या वैयक्तिक फोनपेवर यतीम मुलांचा पैसा येणं बंद करा. सूरह निसामध्ये यतीमाचा माल परत करताना गवाह ठेवायला सांगितलंय. आजच्या काळात तो गवाह म्हणजे बँकेचं स्टेटमेंट.

कुवैत-सौदीतल्या भावाने पाठवलेले पैसे चालतात का, हे नेहमी विचारलं जातं. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्गे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. तोच भाऊ कॅनडाचा किंवा ब्रिटनचा नागरिक झाला असेल तर एफसीआरए लागतो, आणि त्याची नोंदणी नसलेल्या ट्रस्टने एक रुपयाही घेऊ नये. तिथल्या दहा लोकांचा गोळा केलेला फंड हीही वेगळी गोष्ट आहे, तो घेण्याआधी सीएला विचारा.

उलट दिशेने, म्हणजे इथून परदेशातल्या यतीम मुलांसाठी पाठवायचं असेल तर व्यक्ती म्हणून बँकेतून पाठवता येतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात सगळं मिळून अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि देणगी त्यात बसते. ट्रस्टचा पैसा मात्र बाहेर पाठवला तर आयकराची सूट जाते, त्याला खास मंजुरी लागते. हातोहात किंवा हवालाने तर कधीच नाही. चांगल्या कामासाठी दिलेली रक्कम कुठे गेली याचा जबाब द्यायची वेळ आली तर तुमच्याकडे कागद काहीच नसतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या परदेशी क्यूआर कोडबद्दल वेगळं सांगायला नको. लांबच्या मुलाला द्यायचंच असेल तर जिथे जाऊन कुणी डोळ्याने पाहिलंय अशा संस्थेला द्या, आणि वर्षाला मुलाच्या निकालाची प्रत मागा.

फोटो

बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ अशा मुलांची ओळख, नाव, पत्ता, शाळा, फोटो माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी, शालेय किट हातात देऊन पाहुण्यांसोबत काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांच्या घरच्या फोनवर पोचलेला असतो. सातवीतला एक मुलगा त्यानंतर आठवडाभर शाळेत आला नाही. दप्तर घरी ठेवलं, जुनं घेऊन आला. आम्ही मग किट शाळेच्या ऑफिसातून, इतर मुलांच्या पुस्तकांसोबतच द्यायला लागलो. दानशूरांना फोटो हवाच असतो, त्यांना वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो पाठवतो. एक-दोघं नाराज झाले, बाकीच्यांनी काही म्हटलं नाही.

अठरावं वर्ष

शरीयतमध्ये बालिग झाल्यावर यतीमपणा संपतो. बाल संगोपनची रक्कम अठराला बंद होते. आणि अठरावं वर्ष येतं बारावीच्या आसपास, जेव्हा क्लास, सीईटीचे फॉर्म, कॉलेजची डिपॉझिट, बस पास असे खर्च एकदम अंगावर येतात. बालगृहात वाढलेल्यांसाठी कायद्यात २१ वर्षांपर्यंत पाठराखणीची तरतूद आहे, घरी वाढलेल्यांसाठी तसं काही नाही. बहुतेक कमिट्या पहिली ते सातवीच्या मुलांवर खर्च करतात, कारण तिथे वह्या स्वस्त आणि मुलं गोड दिसतात. आम्ही गेल्या काही वर्षांपासून जमलेल्या पैशाचा साधारण तिसरा हिस्सा अकरावी-बारावी आणि पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळा ठेवतो. ज्या मुलाला अकरावीत मदत चालू होते त्याच्या आईला सांगून ठेवतो, की बाल संगोपनचा शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात येईल. ती तारीख वहीत मुलाच्या नावासमोर लाल पेनाने लिहिलेली असते.